१४ फुटी अॅल्युमिनिअम बोट: नाक आपटतीया, उजवीकडं ओढतीया, वळणावर इंजिन नुसतं ओरडतंय. काय करू?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमचं गाव हाय, नाव घेत नाही पण पुराच्या बातम्यांत दरवर्षी दिसतं. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३ हाय म्हणजे बघा किती. तवा आमच्याकडं गावाची स्वतःची अशी एक गूळ कढवायची काहील नि चार ट्यूब एवढंच होतं. आईला मी खांद्यावरनं काढलीया. तवापासनं डोक्यात होतं की गावात एक बोट पायजेच, तरुण मंडळाच्या पोरांनी गणपतीच्या वर्गणीतनं दोन वर्षं पैसे बाजूला काढले आणि यंदा फेब्रुवारीत एक जुनी अॅल्युमिनिअमची बोट घेतली. १४ फूट लांब, मधी रुंदी पाच फूट, रिव्हेटची, पुढं जरा व्ही आणि मागं जवळजवळ सपाट तळ. मशीन वेगळीकडनं घेतलं, २५ एचपी टू स्ट्रोक, हातानं दांडी धरून चालवायचं.

आता त्रास सांगतो. बंधाऱ्याला अजून बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) हायत, पाणी तुंबलेलं हाय, त्यामुळं लाटा न्हाईत वारा न्हाई, एकदम तळ्यागत पाणी, तरीपण अर्ध्याच्या वर थ्रॉटल दिला की नाक वर उठतंय, खाली आपटतंय, परत उठतंय, घोडं दुडक्या चालीनं चालल्यागत, आणि थांबतच न्हाई, थ्रॉटल कमी केल्याशिवाय. दुसरं म्हणजे सारखी उजवीकडं ओढतीया, दहा मिनिटं चालवलं की मनगट भरून येतंय. तिसरं सगळ्यात वाईट, जरा जोरात वळवली की इंजिन एकदम किंचाळल्यागत फिरतंय आणि बोट पुढं जातच न्हाई, मग थ्रॉटल सोडायचा, दोन सेकंद थांबायचं, परत द्यायचा. पुरात विजेच्या खांबाला वळसा घालताना असं झालं तर काय करायचं?

एक जण म्हणाला मशीनचा पाण्यातला पंखा बदल, एक जण म्हणाला तळाला पत्रा मार, ज्याच्याकडनं बोट घेतली तो फोन उचलत न्हाई. पैसे संपलेत मंडळाचे, त्यामुळं आधी फुकटात काय बघता येतंय ते सांगा. जून तोंडावर आलाय.

मालवणी_खलाशी

दादा, आधी पंख्याला हात लावू नका. आमच्याकडे किनाऱ्यावर रोज ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे अडकवायची अशी मशीनं, चालतात, तुमचे तिन्ही त्रास बहुतेक एकाच ठिकाणचे आहेत आणि ते ठिकाण म्हणजे मशीन मागच्या फळीवर किती उंच बसलंय आणि किती तिरकं बसलंय.

बोट जमिनीवर दोन लाकडांवर सरळ ठेवा, मशीन खाली सोडा. पंख्याच्या बरोबर वर एक आडवी चपटी प्लेट असते, तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. आता एक लांब सरळ पट्टी घ्या, बोटीच्या तळाला लावा आणि मागे त्या प्लेटपर्यंत ओढून बघा. प्लेट तळाच्या रेषेत पाहिजे, किंवा फार तर इंचभर वर. त्यापेक्षा वर असेल तर सरळ जाताना कसंबसं चालतं, पण वळताना बोट कलते, पंखा पृष्ठभागाजवळ येतो आणि वरची हवा ओढतो. हवेत पंखा फिरला की त्याला पकड नाही, म्हणून इंजिन किंचाळतं. ते थांबायला तुम्ही थ्रॉटल सोडता, हवा निघून जाते, परत पाणी पकडतो. तुम्ही लिहिलंय ते अगदी तेच.

नाक आपटायचं कारण वेगळं. मशीनच्या ब्रॅकेटला चार पाच भोकं असतात, त्यात एक आडवी पिन असते. पिन बाहेरच्या भोकात असेल तर मशीनचा खालचा भाग बोटीपासून लांब जातो आणि नाक वर ढकललं जातं. नाक इतकं वर गेलं की पुढच्या भागाला आधार राहत नाही, ते पडतं, पाणी परत उचलतं, परत पडतं. पिन एक भोक आत घ्या, चालवा, परत एक. एकदम सगळी आत घेऊ नका नाहीतर नाक पाण्यात घुसेल आणि वळताना पुढूनच बोट फिरायला लागेल, ते याच्यापेक्षा वाईट.

आणि सांगा, पेट्रोलचा कॅन कुठे ठेवता? किती माणसं मागे बसतात?

पंचगंगाकाठ

दादा लई उपकार. आज संध्याकाळी गवंड्याची पट्टी आणून लावली. प्लेट तळाच्या सव्वादोन इंच वर हाय!! आणि कारण पण सापडलं, मागच्या फळीवर दोन इंच जाड सागवानी लाकूड बोल्ट मारून चढवलंय. आधीच्या मालकाचं मशीन लांब दांड्याचं, म्हणजे पंख्यापर्यंतचा पाय लांब असलेलं, असणार, आमचं आखूड दांड्याचं हाय, आम्ही घेताना हे बघितलंच न्हाई.

पिन सगळ्यात बाहेरच्या भोकात होती. कॅन ३० लिटरचा, तो मशीनच्या पायाशीच, पाईप आखूड हाय म्हणून. मी मागं, आणि अजून एक पोरगा मागंच बसतो कारण पुढं बसलं की आपटून कंबर मोडतीया.

उद्यमनगर_आर्गॉन

भावा, शिवाजी उद्यमनगरात २० वर्षं अॅल्युमिनिअमचं काम करतोय, बोटी थोड्याच केल्यात पण पत्रा पत्राच असतोय. दोन गोष्टी सांगतो.

लाकूड काढशील तवा ते बोल्ट कसले हायत बघ. साधे लोखंडी असतील तर त्यांच्याभोवती पांढरी पावडर दिसंल, ती गंज हाय अॅल्युमिनिअमची. ओलं लाकूड, दुसरा धातू आणि अॅल्युमिनिअम एकत्र आलं की अॅल्युमिनिअमच खाल्लं जातंय. स्टेनलेस बोल्ट घाल, खाली नायलॉनचं वॉशर आणि भोकात सीलंट भर. आणि पितळी काय बी लावू नगंस, एका गड्यानं तळाला पितळी नट पडू दिलावता, पावसाळाभर तिथंच ओल्यात राहिला, त्या जागी करंगळी जाईल एवढं भोक पडलं.

दुसरं, कोण तळाला पत्रा मार, वेल्डिंग मार म्हणत असंल तर ऐकू नगंस. रिव्हेटच्या शिवणीवर आर्गॉन वेल्डिंग मारलं की त्या उष्णतेनं शेजारचे चार रिव्हेट ढिले होत्यात. एक गळती बंद आन् चार नव्या. ढिला रिव्हेट आतनं जड लोखंड धरून बाहेरनं परत ठोकायचा असतोय, आणि अगदी गेला असंल तर बंद तोंडाचा रिव्हेट घालायचा, साधा पॉप रिव्हेट न्हाई, त्येच्या मधल्या भोकातनंच पाणी येतंय. गळती बघायची तर बोट ठोकळ्यांवर ठेवून आत घोट्याएवढं पाणी सोड आणि खालनं खडूनं खुणा कर. लई पाणी भरू नगंस, बाहेरनं पाण्याचा आधार नसताना तळ झोळीगत हुतोय.

तळ सरळ हाय का ते पण त्याच पट्टीनं बघ, मागचे चार एक फूट. मधी फुगीर असंल तर नाक आपटणारच, खोलगट असंल तर नाक खाली दाबतंय.

जुना_सॅपर

मी लष्कराच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त, बावीस वर्षं पुलं आणि बोटी हेच केलं. वरच्या दोघांनी सांगितलंय ते बरोबर आहे, मी फक्त क्रम सांगतो कारण क्रम चुकला की दिवस वाया जातो.

पहिल्यांदा मशीन खाली बसवा, म्हणजे ते लाकूड काढा आणि मशीन फळीच्या बरोबर मधोमध आहे का ते टेपने मोजा. क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू हाताने घट्ट, आणि मशीनला एक साखळी बोटीला बांधलेली पाहिजेच, क्लॅम्प ढिले होतात. मग पिन. मग वजनं पुढे. उजवीकडे ओढण्याचं काम सगळ्यात शेवटी. कारण असं, कॅव्हिटेशन प्लेटच्या खाली पंख्याच्या मागे माशाच्या शेपटीसारखा एक छोटा तुकडा असतो, ट्रिम टॅब. मशीन उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याचं असेल तर बोट एका बाजूला ओढते आणि ती ओढ मोडायला हा तुकडा असतो. पण तुमची प्लेटच सव्वादोन इंच वर आहे म्हणजे वेगात तो तुकडा अर्धवट हवेत. तो कितीही फिरवला तरी काही होणार नाही. शिवाय मशीन बाहेर तिरकं आणि वर असलं की उजवीकडची ओढ वाढते, त्यामुळे आधीच्या दोन गोष्टींनीच निम्मी ओढ जाईल. उरली तर टॅबचा बोल्ट ढिला करून, बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला टॅबचं मागचं टोक थोडंसं वळवा. लोकांना उलट वाटतं, पण त्याच बाजूला. एका वेळी एक दोन मिलिमीटर, मग पाण्यात जाऊन बघा. त्याला रंग लावू नका, काही मशीनला तोच तुकडा गंज स्वतःवर घेणारा असतो.

पंख्याच्या आतला रबरी बुश सुटलाय का हेही फुकटात कळतं. बुश आणि पंखा यांच्यावरून ऑइलपेंटने एक सरळ रेघ मारा, जोरात चालवून आणा, रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले असतील तर बुश घसरतोय.

आता महत्त्वाचं. तुम्ही मागे कॅन, दोन माणसं, मशीन एवढंच सांगितलंत. मागच्या सीटखाली फोम आहे का? तो ओला आहे का? जुन्या बोटीत मला सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच वाटते, डोळ्यांना दिसत नाही आणि वजन मात्र तिथेच बसलेलं असतं. बोट एकदा वजन करून घ्या. पुढचं टोक वेगळं, मागचं वेगळं.

आणि किल स्विचची दोरी आहे का, म्हणजे चालवणारा पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी? चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधता का?

पंचगंगाकाठ

काका, तुमचं वाचून काल बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं चुलत्यांच्या गुऱ्हाळावर नेली. गुळाचे रवे तोलायचा प्लॅटफॉर्म काटा हाय तिथं. मशीन काढून ठेवलं, सामान सगळं काढलं, आधी पुढचं टोक काट्यावर आणि मागं तेवढ्याच उंचीचे ठोकळे, मग उलटं. पुढं ५९ किलो आणि मागं ११२. म्हणजे १७१. बोटीच्या कागदावर ११८ लिहिलंय. ५३ किलो कुठनं आलं?

मागच्या सीटच्या पत्र्याचे रिव्हेट ड्रिलनं काढले. आतला फोम पिवळा, हातानं दाबला की पाव दुधात बुडवल्यागत पाणी गळायला लागलं. वास असा की चुलत्यांनी लांब व्हायला सांगितलं. सगळा खरवडून काढला, दोन युरियाची पोती भरली, उचलायला दोन गडी लागले. गेल्या पुरापासनं असणार ते पाणी तिथं. आम्ही चौघं नुसते बघत उभं राहिलो, एवढं वजन घेऊन आम्ही माणसं काढायला जाणार होतो.

आता त्या जागी काय भरू? थर्माकोल स्वस्त मिळतोय.

शिरोळकर_८८

थर्माकोल नको!! पेट्रोलनं विरघळतो. पाईप जरा गळला, सीटखाली पेट्रोल गेलं की आत चिखल होतोय. आमच्या शिरोळ भागात कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीचं पाणी येतंय, आमच्या गावच्या बोटीत आम्ही सीटखाली प्लॅस्टिकचे रिकामे कॅन, झाकणं सीलंट लावून घट्ट बसवून, पट्ट्यांनी बांधून ठेवलेत. २५ लिटरचा एक कॅन पाण्याखाली गेला की साधारण २५ किलो वर उचलतोय, हिशोब सोपा. पण बांधणं घट्ट पायजे. आणि ती जागा रिकामी मात्र ठेवू नका, अॅल्युमिनिअमची बोट पाण्यानं भरली की मशीनसकट सरळ खाली जाते, लाकडी होडीगत तरंगत न्हाई.

अजून एक, तुमच्या नदीत पण जलपर्णी असणार. इंजिन ओरडतंय आणि पुढं जात न्हाई याचं अर्धं कारण आमच्याकडं तेच असतंय, देठं पंख्याला गुंडाळत्यात, आणि पूर आला की त्यात उसाचा पाला. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढायची जाळी मशीनच्या खालच्या भागात असते ती पण तुंबती. मशीनच्या मागनं बारीक पाण्याची धार येत असते तिच्यावर एका पोराची नजर ठेवा, धार बारीक झाली की लगेच बंद करा, नुसतं न्यूट्रलला आणून चालणार न्हाई, बंद करूनच मशीन वर उचला आणि मग हात घाला. उसाच्या रानावरनं बोट न्यावी लागली तर मशीन वर आणि बांबूनं ढकलत, दुसरा इलाज न्हाई.

मालवणी_खलाशी

५३ किलो मागे! मग नाक आपटणारच होतं दादा. आता कॅन मधल्या सीटच्या पुढे न्या, लांब पेट्रोलचा पाईप घ्या, तो काही महाग नाही. मशीनच्या पायाशी फक्त चालवणारा.

पंचगंगाकाठ

मंडळी, आज बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन आलो, सकाळी सहाला, पाणी आरशागत होतं. लाकूड काढलं, बोल्ट खरंच लोखंडी होते आणि पांढरी पावडर पण होती, पत्र्याला खड्डे पडलेत पण आरपार न्हाईत, उद्यमनगरवाल्या दादांनी सांगितल्यागत स्टेनलेस आणि नायलॉन वॉशर घातलेत. प्लेट आता तळाच्या पाव इंच वर. पट्टीनं तळ पण बघितला, सरळ हाय. सीटखाली सध्या चार कॅन बांधून टाकलेत, एकावर पट्टी बसत न्हवती म्हणून जुनी सायकलची ट्यूब कापून ताणून बांधली.

पिन बाहेरनं दुसऱ्या भोकात, मी मागं, एक पोरगा मधी, कॅन पुढं. अर्धा थ्रॉटल, काय न्हाई. पाऊण, एकदा दोनदा नाक हललं आणि थांबलं. पिन अजून एक भोक आत घेतली आणि पूर्ण थ्रॉटल दिला, बोट अशी सपाट पडली पाण्यावर की मधल्या पोरानं ओरडून काय झालं विचारलं, त्येला वाटलं इंजिन बंद पडलं, एवढा आपटायचा आवाज गेला. वळणावर दोन तीनदा मुद्दाम जोरात वळवली, ओरडली न्हाई. उजवीकडची ओढ थोडी राहिली होती, टॅबचं मागचं टोक उजवीकडं दोन मिलिमीटर वळवलं, आता दोन बोटांनी दांडी धरता येतीया. रेघ पण मारलीवती पंख्यावर, तुटलेली न्हाई.

एक प्रश्न राहिला. पाच पोरं बसवली तर वेग येत न्हाई, पाण्यातनं रेटत रेटत जातीया, नाक वर तसंच. पंखा बदलायचा का आता?

जुना_सॅपर

शाब्बास, क्रम पाळलात. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, दुसरा पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल तो. ओझं घेऊन जायचं असेल तर एक किंवा दोन इंच कमी पिचचा पंखा इंजिनला सोपा जातो. पिच एक इंच कमी केला की इंजिनचे मिनिटाचे फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात, तेव्हा रिकाम्या बोटीत पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या वर फिरवू नका. आहे तो जुना पंखा टाकू नका, जास्तीचा म्हणून बोटीतच ठेवा, पंख्याची पिन आणि पान्यासकट.

पण पंख्याच्या आधी माणसांचा हिशोब करा. छोट्या बोटीला एक ढोबळ नियम आहे, फुटांत लांबी गुणिले रुंदी भागिले १५. तुमची १४ गुणिले ५ भागिले १५, म्हणजे साधारण ४.७. चार माणसं, चालवणारा धरून. तेही शांत पाण्यात. पुराच्या पाण्यात मी तीन आणि लहान मूल एवढंच घेईन आणि दहा फेऱ्या मारेन. २०१९ ला पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, आपल्या सगळ्यांना ते माहीत आहे. किनाऱ्यावरून माणसं रडत हात पुढे करतात तेव्हा नाही म्हणणं सगळ्यात अवघड, म्हणून आत्ताच बोटीच्या आत बाहेर दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या, चार. चालवणाऱ्या पोराला एकट्याला ते ओझं देऊ नका, आकडा दिसला की वाद कमी होतो. आणि सगळ्यांना बसवूनच चालवा, उभं कोणी नाही.

पंचगंगाकाठ

काका पटलं. पाच बसवून बघितली ती चूकच झाली. परवा रविवारी माणसांच्या जागी वाळूची पोती टाकून चार माणसांचं वजन करून परत बघतो, बरगे काढायच्या आत. रंग आणलाय, पांढरा. चार आकडा पुढं मागं आणि दोन्ही बाजूला.

जुना_सॅपर

दोरीचं लिहिलं नाहीत.

पंचगंगाकाठ

दोरी तुटकी होती काका, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत तवाच बघितलं. नवी आणलीया. आज मनगटाला बांधूनच चालवली, आणि मधी एकदा मुद्दाम ओढून बघितली, इंजिन लगेच बंद पडतंय.